संशोधक निवडीची मुलाखत: वाद की जल्प?

मागच्या वेळी आपण अनुमानापर्यंत आलो होतो आणि आज हेत्वाभास घ्यायचे असं ठरलं होतं. ते घेऊच, पण जरा वेगळ्या दारानं.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी पंधरा दिवसांपूर्वी घरी आली. एम.ए. झालेली, नेट दिलेली, पीएच.डी.च्या प्रवेशासाठी मुलाखतीचं बोलावणं आलेलं. चहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलली आणि मग म्हणाली, "सर, बाबा म्हणाले तुम्ही अशा कमिट्यांवर खूप वर्षं होतात. तिथे नेमकं बघतात काय?" आम्ही सुरुवात केली. संशोधनाची वृत्ती बघतात, विषयाची समज बघतात, वगैरे. तिनं वहीत 'वृत्ती' असं लिहिलं आणि पेन थांबवलं. "वृत्ती कशावरून बघतात?"

आम्ही अडलो. तीस वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो, शेकडो मुलांना गुण दिले, आणि ते कशावरून दिले हे एका मुलीला वहीत लिहून घेता येईल अशा शब्दांत सांगता येईना. आजचं व्याख्यान त्या अडण्यातून आलेलं आहे. आम्ही टीका करणार आहोत ती एका पद्धतीवर, आणि त्या पद्धतीत आम्ही स्वतः आहोत, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी नियम काय म्हणतात ते झटकन बघू. २००९ च्या यूजीसी नियमावलीनं पीएच.डी.साठी प्रवेश परीक्षा आणि मुलाखत हा रस्ता देशभर घालून दिला. २०१६ मध्ये नवी नियमावली आली. तिच्यात लेखी परीक्षा ही केवळ पात्रतेपुरती, पन्नास टक्के मिळवा आणि आत या, पुढचं मुलाखतीत ठरेल असा अर्थ निघाला. दिल्लीत जेएनयूमध्ये त्यावरून मोठं आंदोलन झालं, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं मुलाखतीला शंभर टक्के भार देणं मनमानीचं ठरवलं. त्याच वर्षी यूजीसीनं दुरुस्ती करून लेखीला ७० आणि मुलाखतीला ३० असा भार आणला. २०२२ च्या नियमावलीत तो राहिला. २०२४ च्या मार्चमध्ये नेटचेच गुण पीएच.डी. प्रवेशासाठी चालतील असं ठरलं. तिथेही ७० आणि ३०.

यातली एक गंमत बघा. ज्याला जेआरएफ मिळाली, म्हणजे जो नेटमध्ये सगळ्यांत वर आला, त्याचा प्रवेश केवळ मुलाखतीवर. त्याच्यासाठी ७०-३० नाहीच. लेखी ज्याची सर्वांत चांगली झाली त्याच्याच लेखी गुणांना प्रवेशाच्या वेळी किंमत नाही. फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये, २०२३ च्या जानेवारीपासून. सरकार द्यायला तयार आहे, पण विभागातल्या चार-पाच माणसांनी दार उघडलं तर.

आणि ३० म्हणजे ३०च का? समजा लेखीत एकाला शंभरात ६० आहेत, दुसऱ्याला ५०. सत्तरच्या भारानं एकाचे ४२ झाले, दुसऱ्याचे ३५. फरक सातचा. आता मुलाखतीत समितीला पहिला आवडला नाही, त्याला ३० पैकी १४ दिले, दुसऱ्याला २४. बेरीज ५६ आणि ५९. दुसरा आत, पहिला बाहेर. लेखीतले गुण बहुतेकांचे जवळजवळ असतात, मुलाखतीतले मात्र आम्ही हवे तसे ताणतो. ज्या परीक्षेतले गुण जास्त पसरलेले, निकाल तीच लावते. कागदावर भार काहीही लिहा. हे संख्याशास्त्राच्या माणसाला सांगावं लागत नाही. आम्हाला कळायला बरीच वर्षं लागली.

न्यायालयाला हे फार आधी कळलं होतं. अजय हसिया नावाचा एक खटला आहे, निकाल १९८० च्या नोव्हेंबरचा, सर्वोच्च न्यायालयाचं पाच न्यायमूर्तींचं पीठ, निकालपत्र न्या. भगवतींचं. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशाचं प्रकरण. लेखी शंभर गुणांची, तोंडी पन्नास गुणांची. म्हणजे एकूण गुणांचा तिसरा हिस्सा तोंडीला. आणि एकेका मुलाची मुलाखत चालली दोन ते तीन मिनिटं! विचारलं काय, तर वडील कोण, राहता कुठे. न्यायालय म्हणालं, तोंडी परीक्षेला पंधरा टक्क्यांहून जास्त गुण ठेवणं मनमानीचं होईल. आणखी एक गोष्ट सुचवली, मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, म्हणजे पुढे कोणी शंका घेतली तर तपासता येईल. त्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली. आमच्या उभ्या कारकिर्दीत एकाही मुलाखतीच्या टेबलावर आम्ही टेपरेकॉर्डर पाहिला नाही. आता तर तो प्रत्येकाच्या खिशात असतो. मुलाखतीच्या खोलीत शिरताना बंद करायला लावतात, एवढाच काय तो फरक.

कोणी म्हणेल, ते इंजिनिअरिंगचं प्रकरण, बारावीनंतरची मुलं. संशोधनाची मुलाखत वेगळी. मान्य. वेगळी आहे, म्हणूनच तिच्याकडे जास्त बारकाईनं बघायला हवं. २०१६ च्या नियमावलीत मुलाखतीनं काय तपासावं हे सांगितलेलं आहे, तीन गोष्टी. योजलेल्या संशोधनाची क्षमता उमेदवाराकडे आहे का. ते काम त्या संस्थेत नीट होऊ शकेल का. आणि त्या क्षेत्रातून ज्ञानात नवी भर पडू शकेल का. वाचायला ठीक वाटतं. पण विभागाचं ग्रंथालय कसं आहे, विषयाचा जाणकार आहे का, हे त्या पोरानं का सांगावं? दुसरा प्रश्न हा संस्थेनं स्वतःला विचारायचा आहे. तिसऱ्याचं उत्तर चार-पाच वर्षांनी, प्रबंध हातात आल्यावर मिळेल. कधीकधी तेव्हाही मिळत नाही, हे आपण सगळे जाणतो. राहिला पहिला. क्षमता. त्या शब्दापाशी नियमावली थांबते. आमच्या पाहुण्या मुलीचं पेन जिथे थांबलं तिथेच.

आणि ही जागा कसली आहे? शिकण्याची. कोर्सवर्क करायचं आहे, संशोधनपद्धती शिकायची आहे, मार्गदर्शकाच्या हाताखाली उमेदवारी करायची आहे. 'उमेदवार' या शब्दातच ते आहे. सुताराकडे उमेदवारीला आलेल्या मुलाला कोणी विचारत नाही, बाबा रे, तू करणार त्या कपाटाचा सांधा कुठल्या पद्धतीचा? आम्ही मात्र विचारतो. "तुमची मेथडॉलॉजी काय?" या प्रश्नाइतका पोकळ प्रश्न आम्ही पाहिलेला नाही, आणि आम्ही तो किती वेळा विचारला याची गणती नाही. त्याचं उत्तर पाठ करता येतं. 'विश्लेषणात्मक आणि तुलनात्मक, सर.' झालं! समितीतले सगळे मान हलवतात, कारण याचा अर्थ काय असं विचारलं तर आमच्यातल्याही दोघांना सांगता येणार नाही.

आता हेत्वाभासांच्या घरात जाऊ.

न्यायसूत्रांत पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या आह्निकात कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत. कथा म्हणजे गोष्ट नव्हे, बरं का. दोन बाजूंनी चाललेली चर्चा. वाद, जल्प आणि वितंडा. वाद हा तत्त्व कळावं म्हणून. आजच्या मराठीत 'वाद' म्हणजे भांडण झालंय, तो अर्थ बाजूला ठेवा. जल्प हा जिंकण्यासाठी. त्यात शब्दच्छलालाही मुभा. वितंडेत माणूस स्वतःची बाजू मांडतच नाही, फक्त समोरच्याची पाडतो. आणि वाद कोणाशी करावा, हे चौथ्या अध्यायात सांगितलं आहे: शिष्याशी, गुरूशी, बरोबर शिकणाऱ्याशी, जे असूया बाळगत नाहीत अशांशी.

मग संशोधनाच्या दारात गुरू होऊ पाहणारे आणि शिष्य होऊ पाहणारा यांच्यात जे घडायचं ते कुठल्या प्रकारात बसलं पाहिजे? वादात. पण घडतं काय? समितीतला सदस्य स्वतःचं म्हणणं कधीच मांडत नाही, ही वितंडा. पोरगं म्हणालं, "फुल्यांचं लेखन वाचलंय", सदस्य विचारतात, "मूळ हस्तलिखितात?" आणि इतर सदस्यांकडे बघून हसतात. हा छल. निकाल लागतो तो गुणांत, जिंकला की हरला. म्हणजे खोली वादाची आणि खेळ जल्पाचा, त्यातही एका बाजूला नियम लागू आणि दुसरीला नाही.

हरण्याच्या जागांची यादीही न्यायसूत्रांत आहे. पाचव्या अध्यायात, बावीस निग्रहस्थानं. त्यांत एक आहे 'अप्रतिभा', म्हणजे उत्तर न सुचणं. वाचून तुम्ही म्हणाल, बरोबर आहे, उत्तर सुचलं नाही म्हणजे हरला. थांबा. ही बावीसच्या बावीस निग्रहस्थानं वादात चालत नाहीत. केशवमिश्रांची 'तर्कभाषा' आमच्यापैकी बहुतेकांनी एम.ए.ला वाचली, आळशी नवशिक्यासाठी लिहिलेलं पुस्तक आहे, असं ग्रंथकारच सुरुवातीला सांगतो. त्यात स्पष्ट म्हटलंय की वादात फक्त आठ निग्रह चालतात. न्यून, अधिक, अपसिद्धान्त आणि पाच हेत्वाभास. म्हणजे मांडणीत काही कमी राहिलं, जास्तीचं आलं, आपल्याच सिद्धान्ताच्या विरुद्ध बोललात, किंवा हेतू सदोष निघाला. बाकीची अठरा वादात धरायची नाहीत. आणि अप्रतिभा त्या अठरांत आहे.

विचार करा, का नसावी ती आठांत? आमचं म्हणणं असं. वादात दोघांनाही तत्त्व हवं आहे. मग एक जण अडला तर त्यानं तत्त्वाचं काय बिघडलं? अडणं हा त्या वाटेचाच भाग आहे. चुकीचा हेतू दिला तर बिघडतं, कारण दोघेही भलत्या रस्त्याला लागतात. तो दोष दाखवलाच पाहिजे. पण गप्प बसलेला माणूस कोणालाच चुकीच्या रस्त्यावर नेत नाही. तो कदाचित रस्ता शोधत असतो.

बरं, जल्पातही प्रतिस्पर्ध्याला किती सवलत आहे बघा. 'अननुभाषण' नावाचं निग्रहस्थान आहे, समोरच्यानं म्हटलेलं परत मांडता न येणं. पण ते कधी धरायचं? सभेला समजलेलं वाक्य तीनदा सांगून झाल्यावर. तीनदा! आमच्या खोलीत प्रश्न एकदा विचारला जातो, बऱ्याचदा इंग्रजीतून, खाली कागद चाळता चाळता. उलट, तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवाद्याला जे कळलं नाही, त्याला 'अविज्ञातार्थ' म्हणतात, आणि तो पराभव बोलणाऱ्याचा. प्रश्न विचारणाऱ्याचा पराभव! हे कलम आमच्या मुलाखतींना लावलं असतं तर किती प्राध्यापक त्या दिवशी घरी गेले असते.

आणखी दोन सांगायचीच आहेत. 'पर्यनुयोज्योपेक्षण' आणि 'निरनुयोज्यानुयोग'. नावं लांब आहेत, अर्थ सोपा. ज्याची चूक दाखवायला हवी होती त्याची न दाखवणं, आणि ज्याची चूक नाही त्याला धारेवर धरणं. सफाईदार बोलणारा उमेदवार येतो, चार परदेशी नावं एका दमात घेतो, त्यातली दोन एकमेकांच्या विरुद्ध बाजूची असतात, आणि आम्ही मान डोलावतो. पहिलं निग्रहस्थान. मग तालुक्याच्या कॉलेजातला कोणी येतो, अडखळत का होईना बरोबर बोलतो, आणि त्याला आम्ही विचारतो, "हे मराठीतच वाचलंय का सगळं?" दुसरं. दोन्ही दोष उमेदवाराचे नाहीत, समितीचे आहेत. पण समितीचे गुण मोजायला कोणी बसलेलं नसतं.

इथे आम्हाला एक प्रसंग सांगावा लागेल. टाळता आला असता तर टाळला असता.

बरीच वर्षं झाली. ७०-३० यायच्या आधीचा काळ. विद्यापीठं आपापली परीक्षा घेत आणि भारही आपापले ठरवत. आमच्याकडे दुसरा पेपर वर्णनात्मक असे आणि मुलाखतीला पन्नास गुण. एक मुलगा आला. वडील कोरडवाहू शेतकरी, शिक्षण मराठीतून, विषय घेतला होता महात्मा फुल्यांच्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'तला सत्याचा निकष. १८९१ चं ते पुस्तक, फुल्यांच्या पश्चात आलेलं. विषय चांगला होता. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न केला, मेथडॉलॉजी काय. मुलगा गप्प. त्यांनी इंग्रजीतून परत विचारला. तो टेबलाकडे बघत राहिला. ती शांतता आम्हालाच सोसवेना, म्हणून मदत करायच्या भावनेनं आम्ही विचारलं, "कांट वाचलाय का?" तो म्हणाला, "मराठीत जेवढा मिळाला तेवढाच, सर." कोणीतरी हसलं. पाच-सहा मिनिटांत तो बाहेर. पन्नासपैकी आम्ही सतरा दिले. दुसऱ्यांनी पंधरा.

संध्याकाळी बेरजा करायला बसलो तेव्हा लेखीच्या उत्तरपत्रिका समोर होत्या. मुलाखतीच्या आधी त्या कोणी वाचायच्या नाहीत, अशी आमच्याकडे रीत होती, निःपक्षपातीपणासाठी म्हणे. त्याची पत्रिका उघडली. प्रश्न होता हेत्वाभासांवर. सगळ्यांनी पुस्तकातलाच डोंगर आणि पुस्तकातलाच धूर लिहिला होता. यानं पाणाड्या लिहिला होता. तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरतात, नारळ उभा राहिला की खाली पाणी आहे म्हणतात. यानं लिहिलं होतं की त्यांच्या रानात नारळ तीन ठिकाणी उभा राहिला, तीन बोअर घेतल्या, एकीला पाणी लागलं, आणि गाव त्या एकीचीच गोष्ट सांगतं. म्हणजे 'नारळ उभा राहिला' हा हेतू पाणी असतं तिथे सापडतो आणि नसतं तिथेही सापडतो, म्हणून सव्यभिचार. मग खाली आणखी दोन ओळी: कोरड्या बोअरचं कर्ज फेडणारा माणूस हा हेत्वाभास पुस्तकाशिवाय शिकतो, पण पुढच्या वेळी परत पाणाड्याला बोलावतो, हे असं का, याचं उत्तर न्यायशास्त्रात सापडत नाही.

संशोधनाची वृत्ती म्हणजे काय, असं त्या मुलीनं विचारलं होतं ना? ही. शास्त्र नीट कळलेलं, स्वतःच्या रानात लावून बघितलेलं, आणि शास्त्र कुठे अपुरं पडतं तिथे बोट ठेवलेलं. त्या वर्षीच्या सगळ्या पत्रिकांत असं उत्तर दुसरं नव्हतं.

यादीवर सह्या व्हायच्या होत्या. आम्ही म्हणू शकत होतो की याला परत बोलवा. म्हणालो नाही. तज्ज्ञांच्या गाडीची वेळ झाली होती, अध्यक्ष घड्याळाकडे बघत होते, आणि एकाचं उघडलं तर बाकीचे विचारतील, ही कटकट नको वाटली. सही केली. 'आम्ही' हा शब्द इथे फार सोयीचा आहे. समितीत बसलं की सगळेच 'आम्ही' म्हणतात, म्हणजे कोणा एकाला 'मी केलं' म्हणावं लागत नाही. तो मुलगा पुढे काय करतो हे आम्ही कधी शोधलंही नाही.

आता तुमच्यातले काही म्हणतील, मग मुलाखतच बंद करा. लेखीवर घ्या, भानगड नको. आम्हाला ते पटत नाही. २०१८ पासून नेटचे दोन पेपर, दीडशे प्रश्न, तीनशे गुण, तीन तास, सगळे चार पर्यायांचे. उमेदवार स्वतःचं एकही वाक्य लिहीत नाही. पाणाड्याचं उत्तर त्या परीक्षेत लिहायला जागाच नाही. म्हणजे आज संशोधनाच्या वाटेवर, पदवीनंतर, त्या माणसाचं स्वतःचं वाक्य पहिल्यांदा कोणाच्या कानावर पडतं ते फक्त मुलाखतीत. ती काढून टाकली तर काहीच उरत नाही. ती आहे तशी ठेवली तर त्या मुलासारखे बाहेर जातात. म्हणून तिच्यावर एवढा वेळ खर्च करतोय.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत, निवृत्तीच्या आधी, आम्ही आमच्या परीनं एक करून बघितलं. उमेदवार आला की त्याला अर्धा तास आधी एक पान वाचायला द्यायचं. मराठी, हिंदी किंवा इंग्रजी, त्यानं निवडायचं. पान अवघड नाही, पण त्यात कुठेतरी युक्तिवाद लंगडा असायचा. कोरा कागद द्यायचा. मग आत बोलावून त्या पानावरच बोलायचं, आणि आम्हीही आमचं मत सांगायचं, म्हणजे त्याला ते खोडून काढता येईल. मूलभूत विज्ञानाच्या संस्थांत मुलांना फळ्यापाशी उभं करून गणित सोडवायला लावतात, तिथून ही कल्पना घेतली. फळ्यावर चुकलेली पायरी दिसते, आणि चूक लक्षात आल्यावर मुलगा काय करतो हेही दिसतं. पुसतो, रडकुंडीला येतो, की म्हणतो 'थांबा, इथून परत बघतो.' आम्हाला वाटतं, बघण्यासारखं असेल तर तेच.

काय झालं? खरं सांगायचं तर मिश्र. एका दिवसाचं काम तीन दिवसांवर गेलं. सहकारी वैतागले, त्यांचं चूक नव्हतं, तास कोण घेणार? काही सफाईदार मुलं पहिल्यांदा अडली, आणि काही अडखळणारी मोकळी झाली. पण काही मुलं पान वाचूनही गप्पच राहिली, आणि त्या गप्प राहण्यात काय होतं हे तेव्हाही आम्हाला कळलं नाही. गुणांवरून आमच्यात भांडणं पूर्वीपेक्षा जास्त झाली. ते मात्र बरं लक्षण होतं. पूर्वी आम्ही सगळे सारखेच गुण देत होतो, कारण कोणीच काही ऐकत नव्हतं.

आणि एक गोष्ट कुठल्याच पानानं सुटत नाही. नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार, एवढेच पीएच.डी.चे विद्यार्थी असू शकतात. अनेक विभागांत मंजूर पदं रिकामी, म्हणजे मार्गदर्शकच नाहीत, म्हणजे जागा दोन नाहीतर तीन. त्या दोन जागांवर कोण येणार हे बाहेर बाकावर बसलेल्या चाळीस जणांना माहीत नसतं, पण आत कधीकधी माहीत असतं. "गाइड ठरलेत का?" हा प्रश्न आम्ही ऐकतो तेव्हा तो चौकशीचा नसतो. ज्याचा 'ठरलेत' तो सुटला. मग उरलेल्या अडतीस जणांशी जे चालतं त्याला जल्पही म्हणता येत नाही. जल्पात निदान कोणीही जिंकू शकतो. मुलींना अजून एक प्रश्न पडतो, लग्नाचा. तो कुठल्या निग्रहस्थानात बसतो असं आम्हाला विचारू नका, गौतमांनी एवढी वाईट सभा कल्पिलेली नव्हती.

तर त्या मुलीला आम्ही काय सांगितलं? फार काही नाही. म्हटलं, उत्तर येत नसेल तर 'येत नाही' म्हण, आणि का येत नाही तेही सांग; कुठपर्यंत कळतंय आणि कुठून कळत नाही, ती रेघ दाखव. विचार करायला वेळ हवा असेल तर माग, लाजू नकोस. प्रश्न कळला नाही तर परत विचारायला सांग. तुझं सिनॉप्सिस पाठ करू नकोस, त्यातली तुला सगळ्यांत कमी पटणारी ओळ कुठली ते घरून ठरवून जा. ती लिहून घेत होती. बावीस आणि आठाचा हिशेबही सांगून झाला होता. मग तिनं वही मिटली आणि म्हणाली, "आणि सर, मी थांबले, आणि त्यांनी थांबूच दिलं नाही तर?"

आम्ही गप्प बसलो. बराच वेळ. ती हसली. म्हणाली, "चालतं सर, आपला वाद चाललाय."

तिची मुलाखत येत्या सोमवारी आहे. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरुवात करू, तिकडचा माइक चालू आहे ना?